एका पैची चूक

१

पैठणच्या एकनाथमहाराजांच्या चरित्रातला एक प्रसंग असा आहे, की तो सांगितल्यावाचून नाथषष्ठीचे कीर्तन पुरे झाले असे श्रोत्यांना वाटतच नाही. कोवळ्या वयात घर सोडून देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पायांशी आलेल्या या मुलाला, स्वामी स्वतः तेथले किल्लेदार असल्यामुळे, गुरुसेवेचा एक भाग म्हणून हिशेबाचे दप्तरही सांभाळावे लागे. एका रात्री जमाखर्चाचा मेळ बसेना. फरक पडत होता तो अवघ्या एका पैचा. समईत तेल घालून मुलगा वहीवर वाकला, खतावणीची रोजकीर्दीशी रुजुवात घालीत बसला, प्रहरामागून प्रहर गेले, आणि पहाटेच्या सुमारास चूक हाती लागताच त्या निःशब्द वाड्यात त्याने आनंदाने टाळी वाजवली. टाळीच्या आवाजाने जवळ आलेल्या स्वामींनी हर्षाचे कारण विचारले, आणि ते ऐकून जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की एका पैची चूक सापडल्याने तुला एवढा आनंद होतो, तर या संसाराच्या वहीत जी मूळचीच चूक होऊन बसली आहे ती सापडेल तेव्हा केवढा होईल. आणि जे चित्त त्या पैमागे रात्रभर एकाग्र झाले, तेच भगवंताकडे वळवलेस तर तो तुला दूर राहील काय?

कीर्तनकाराचा सगळा भर साहजिकच या उत्तरावर असतो. मला मात्र वय वाढत गेले तसतसा त्या गोष्टीचा पूर्वार्धच अधिक विचार करायला लावू लागला. एका पैसाठी रात्र कशाला जाळतोस, असे स्वामी म्हणाले नाहीत. हिशेब हे मायेचे काम आहे, ते टाकून दे आणि माळ घे, असेही ते म्हणाले नाहीत. ज्याला एका पैची चूक झोपू देत नाही, तोच पुढच्या वाटेचा अधिकारी, अशी जणू त्यांनी त्या पहाटे पारख केली. दशमान नाणी १९५७ साली आली आणि पै व्यवहारातून गेली, म्हणून तरुण वाचकांसाठी सांगतो: बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे पै हा रुपयाचा १९२ वा भाग. नाथांच्या काळी देवगिरीवर नेमके कोणते नाणे चालत होते याची चिकित्सा कीर्तनात होत नाही, ती आपणही येथे करायला नको. एवढे खरे, की व्यवहारात ज्याहून लहान काही मोजता येत नाही अशा तुकड्याचे नाव परंपरेने त्या चुकीला दिले आहे.

आत्मोन्नतीच्या पायऱ्या म्हणून आपल्या शास्त्रांनी आणि संतांनी ज्या सांगितल्या, त्या कोणत्या, आणि आपण त्यांपैकी कोणत्या पायरीवर आहोत हे ओळखावे कशावरून, हा या प्रकरणाचा विषय आहे. आणि त्याची किल्ली त्या एका पैत आहे असे मला वाटते.

२

विषयात शिरण्यापूर्वी स्वतःची एक कैफियत मांडतो. पैची नाणी चालू होती त्या काळात मी एका तालुक्याच्या कचेरीत खजिन्याच्या कामावर होतो. मार्च महिना, साऱ्याच्या वसुलीचे दिवस. खिडकीपुढे सकाळपासून माणसांची रीघ, आणि धुळीने माखलेल्या धोतराच्या सोग्यात बांधून आणलेल्या नोटा मोजता मोजता बोटे काळी पडत. एके संध्याकाळी शिल्लक मोजली तर पाच रुपये फाजील निघाले. तूट आली असती तर ती खिशातून भरावी लागली असती. फाजील रक्कम मात्र कोणी मागायला येत नाही. ती कोणाची असावी याचा मला जवळजवळ निश्चित अंदाज होता. दुपारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने थरथरत्या हाताने नोटा दिल्या होत्या, मी घाईत त्या मोजल्या होत्या, आणि पावतीवरचा आकडा त्याला वाचता येत नव्हता. त्याचे गाव पावतीच्या स्थळप्रतीवर लिहिलेले होते. तलाठ्यामार्फत निरोप धाडणे हे दोन ओळींचे काम होते. मी तसे केले नाही. पुढेमागे तूट आली तर उपयोगी पडेल म्हणून ते पाच रुपये टेबलाच्या खणात ठेवले. कचेरीत तशी वहिवाटच होती, आणि वहिवाटीला चोरी म्हणण्याचा कोणाचाही प्रघात नव्हता. आठ-दहा दिवसांत खरोखरच तूट आली आणि ते पाच रुपये, त्या काळच्या मजुराची काही दिवसांची मिळकत, तीत जिरून गेले.

यात माझ्या घरी एक पैसाही गेला नाही, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. परंतु त्या गोष्टीतले खरे शल्य वेगळे आहे. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि नित्याप्रमाणे हरिपाठ म्हटला. आणि तो कोठेही अडखळला नाही. उलट त्या दिवशी मन विशेष लागले असे मला वाटल्याचे आठवते. पाच रुपयांपेक्षा ही न अडखळलेली उपासना मला पुढे अधिक बोचू लागली. उपासनेत मिळालेले समाधान हा माणसाच्या उन्नतीचा पुरावा मानता येत नाही, हे मी कोणत्याही ग्रंथात वाचण्यापूर्वी टेबलाच्या त्या खणात शिकलो.

३

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात, सातव्या समासापासून दहाव्यापर्यंत, माणसांच्या चार अवस्था वर्णिल्या आहेत: बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध. महाराष्ट्रात हे चार शब्द इतके परिचयाचे झाले आहेत, की त्यांच्यामागची समर्थांची सूक्ष्म दृष्टी आपल्या लक्षातून निसटते. बद्ध म्हणजे दुष्ट, असा अनेकांचा समज असतो. समर्थांचा बद्ध हा प्रामुख्याने आंधळा आहे. प्रपंचावाचून त्याला दुसरे काही दिसतच नाही, आणि आपल्याला दिसत नाही हेही त्याला ठाऊक नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर तो वहीच ठेवीत नाही. ज्याची वही नाही त्याच्या हिशेबात चूक कधीच निघत नाही, आणि म्हणूनच बद्ध मनुष्य सामान्यतः मोठा निश्चिंत असतो.

मुमुक्षु वही उघडतो, आणि उघडताच घाबरतो. समर्थांच्या वर्णनात तो आपल्या दोषांची यादी आपल्याच तोंडाने वाचतो. हातून परोपकार झाला नाही, सत्संग घडला नाही, आयुष्य व्यर्थ गेले, असा अनुताप त्याला जाळतो. नावेबाजू भरलेली आणि जमेची बाजू कोरी, असे ते पान असते. या पायरीवरच्या माणसाला वाटते आपण खाली घसरलो. वस्तुतः तो चढलेला असतो. कालपर्यंत न दिसणारे कर्ज आज दिसू लागले एवढाच बदल झालेला असतो, पण तो बदल फार मोठा आहे.

साधकाविषयी समर्थांनी उपस्थित केलेला एक प्रश्न संसारी वाचकाने अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. साधकाला त्याग हवा. मग ज्याच्या मागे बायकामुले आहेत, नोकरी आहे, शेतसारा आहे, त्याने साधक व्हायचे तरी कसे? यावर समर्थांचे उत्तर असे, की सन्मार्ग जीवी धरावा आणि आडमार्ग सोडावा, हाच संसारी माणसाचा त्याग होय. घर सोडायचे नाही. घर चालवण्याची जी वाकडी रीत आहे ती सोडायची. बाराव्या दशकाच्या आरंभीही त्यांनी प्रपंच नेटका करून मगच परमार्थाच्या विवेकाकडे वळायला सांगितले आहे. त्यांच्या दृष्टीने नीती ही अध्यात्माच्या अलीकडची धर्मशाळा नसून संसारी माणसाच्या अध्यात्माचा रस्ताच आहे.

आणि सिद्ध? त्याचे मुख्य लक्षण समर्थ सांगतात ते संदेहरहित ज्ञान. चमत्कार, भविष्यकथन, दीर्घ समाधी यांना त्या व्याख्येत जागा नाही. सिद्ध बाहेरून साधकासारखाच वागतो, एवढेच नव्हे तर त्याच्या बाह्य आचरणावरून त्याला साधकापासून वेगळा काढता येत नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे. परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पाठ्यपुस्तके रद्दीत घालतो तसा सिद्ध आपला नित्यनेम टाकीत नाही.

पायऱ्यांची संख्या ग्रंथागणिक बदलते. योगवासिष्ठात ज्ञानाच्या भूमिका सात आहेत. पहिली शुभेच्छा, म्हणजे नुसती चांगले व्हावेसे वाटणे, आणि शेवटची तुर्यगा. पतंजलींच्या योगाची अंगे आठ. जैन शास्त्रकारांनी तर चौदा गुणस्थाने मोजली आहेत. चार, सात, आठ, चौदा हे आकडे पाहून गोंधळण्याचे कारण नाही. एकाच घाटाचे कोणी मैल मोजतो, कोणी वळणे. मला नवल वाटते ते त्यांच्यातल्या एका सूक्ष्म साम्याचे. योगवासिष्ठातल्या तिसऱ्या भूमिकेचे नाव तनुमानसा असे आहे. तनु म्हणजे पातळ, बारीक. पतंजलीही क्रियायोगाचे प्रयोजन सांगताना क्लेशांचे तनूकरण, त्यांना बारीक करणे, हाच शब्द वापरतात. दोष एकदम नाहीसे होतात असा दावा ते करीत नाहीत. जैनांच्या दहाव्या गुणस्थानाला सूक्ष्मसांपराय म्हणतात, कारण तेथे पोचलेल्या साधूचे क्रोध, मान आणि माया हे कषाय निमालेले असले तरी लोभाचा एक अत्यंत बारीक अंश शिल्लक राहिलेला असतो. दहा पायऱ्या चढून गेलेल्या माणसाच्या खात्यावरही एक पै निघते!

तीन वेगळ्या दर्शनांनी, तीन वेगळ्या परिभाषांत, एकच गोष्ट सांगितली आहे. वरच्या पायरीवर चुका नसतात असे नाही. तेथे अधिक बारीक चुका दिसतात. बद्धाला खून आणि दरोडा तेवढे पाप वाटते, मुमुक्षूला लाच आणि खोटी साक्ष टोचू लागते, साधकाला दुसऱ्याची निंदा ऐकताना झालेला क्षणभराचा आनंदही वहीत टिपावासा वाटतो. रुपयाच्या चुकीवर थांबणारी नजर आण्यापर्यंत आणि आण्यावरची पैपर्यंत पोचते. माणूस कोणत्या पायरीवर आहे हे जर मोजायचेच असेल, तर त्याला झालेल्या दर्शनांवरून ते मोजू नये. कोणती लहानातली लहान चूक त्याची झोप घालवते, त्यावरून मोजावे.

४

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो पुष्कळदा विद्वानांकडूनच येतो. नीती ही तळाची पायरी आहे, शिडीने माडीवर पोचल्यावर पहिल्या पायरीचे ओझे खांद्यावर कोणी वाहत नाही, तद्वत ज्ञानी पुरुषाला नीतिनियमांचे बंधन उरत नाही, असे ते म्हणतात. पतंजलींनी या आक्षेपाला आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. आसन, प्राणायाम, ध्यान आणि समाधी यांच्याही आधी त्यांनी यम आणि नियम घातले. आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह या पाच यमांना जात, देश, काळ आणि प्रसंग यांची सवलत नाही असे बजावून त्यांना महाव्रत म्हटले. पुढे साधनेत ज्या सिद्धी प्राप्त होतात त्यांचे सविस्तर वर्णन चालू असतानाच, समाधीच्या दृष्टीने त्या उपसर्ग आहेत, विघ्ने आहेत, असाही निवाडा त्यांनी दिला. सूट दिली ती सिद्धींकडे पाठ फिरवण्याची. अस्तेयाकडे पाठ फिरवण्याची परवानगी मात्र त्यांनी कोठेही दिलेली नाही.

जैनांच्या अकराव्या गुणस्थानाची हकिकत याहूनही बोधप्रद आहे. त्याचे नाव उपशांतमोह. तेथे मोह दबलेला असतो, क्षीण झालेला नसतो. गढूळ पाण्यात निवळी उगाळून टाकली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्फटिकासारखे दिसते, तशी त्या साधूची स्थिती वर्णिली आहे. भांड्याला धक्का लागला की गाळ पुन्हा वर. म्हणून अकराव्यावर पोचलेला जीव तेथून खाली येतोच, असा शास्त्राचा सिद्धान्त आहे. जो दोषांचा क्षय करीत जातो तो दहाव्यावरून अकराव्याला न शिवता थेट बाराव्यावर जातो. चौदा पायऱ्यांच्या शिडीत, माथ्यापासून अवघ्या तीन पायऱ्या खाली, हमखास घसरण्याची जागा मुद्दाम दाखवून ठेवणाऱ्या त्या प्राचीन शास्त्रकारांना मनुष्यस्वभावाची किती खोल ओळख असेल! त्या संध्याकाळचा माझा हरिपाठ निवळीच्या पाण्यासारखा होता हे मला फार उशिरा कळले.

आपल्या वारकरी परंपरेत हीच गोष्ट मडक्याच्या रूपाने आली आहे. संतमेळा जमला असता, तेरचे गोरोबाकाका हातात थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले, ही कथा कोणाला ठाऊक नाही? बाकीच्यांनी थापटी निमूट सोसली. नामदेवांना मात्र राग आला, आणि गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. नामदेव म्हणजे कोणी सामान्य भक्त नव्हते. प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्या हातचा नैवेद्य जेवतो अशी ज्याची ख्याती, त्याला हा निर्वाळा ऐकावा लागला. देवाशी असलेली सलगी गोरोबांनी पुराव्यात धरली नाही. कुंभार मडक्याचा आवाज ऐकतो, त्यावरची नक्षी पाहत नाही. पुढे नामदेव औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, आणि गुरूपुढे कच्चेपणा कबूल करून पुन्हा शिष्य झाले, यातच त्यांचा मोठेपणा आहे असे मला वाटते.

याच्या उलट बाजूचीही नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. ईश्वर, आत्मा, मोक्ष यांपैकी काहीही न मानता माणूस नीतीच्या वरच्या पायऱ्या चढू शकतो काय? गोपाळ गणेश आगरकरांचे अवघे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देते. पदवी मिळताच मोठ्या पगाराची चाकरी पत्करणे सहज शक्य असता, गरिबीतून शिकवलेल्या या मुलाने आईला, तशी आशा धरू नकोस, असे कळवले. सुधारकी मतांपायी विरोधकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी १८८८ साली सुरू केलेल्या 'सुधारका'तून आपल्या बुद्धीला जे इष्ट वाटले तेच ते लिहीत राहिले. त्यांची वही परलोकात कोणी तपासणार आहे असे ते मानीत नव्हते. तरी ती चोख होती. अध्यात्माच्या अभिमान्यांनी या उदाहरणाने खिन्न न होता सावध व्हावे. ईश्वर न मानणाऱ्याची वही चोख आणि ईश्वर मानणाऱ्याची खाडाखोडीची, असे ज्या समाजात वारंवार दिसते, तेथे दोष ईश्वराचा नसून त्याच्या नावावर हिशेब थकवणाऱ्यांचा असतो.

५

आता पुन्हा देवगिरीवरच्या त्या मुलाकडे वळू. पैची चूक शोधणारी ती नजर पुढे भगवंताकडे वळली; पण वळली म्हणजे व्यवहारातून उठली असे झाले नाही. पैठणला गृहस्थाश्रम स्वीकारून राहिलेल्या नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या हस्तलिखितांत नकलनविसांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून टाकणे हे काम कोणत्या जातीचे आहे ते ज्याने कधी जुन्या वह्यांची रुजुवात घातली असेल त्यालाच कळेल. ओवीतला एक शब्द इकडचा तिकडे झालेला, आणि त्यासाठी प्रतीमागून प्रती पाहायच्या. जनार्दनस्वामींच्या दप्तरातली रात्रच ती, फक्त आता तिचे नाव भक्ती झाले होते. शिवाय काम पुरे झाल्यावर, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही त्यांनी लिहून ठेवली.

आणि त्याच नजरेला, भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात आईपासून चुकलेले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतले एक रडणारे पोर दिसले. त्या वाळवंटातून त्या वेळी स्नानसंध्या उरकलेले, वेदशास्त्रसंपन्न असे इतरही लोक गेले असतील. पोर त्यांच्याही डोळ्यांपुढे होते. त्यांच्या वहीत त्याची बाब मांडायला रकाना नव्हता एवढेच. नाथांनी ते कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचवले. तत्त्वज्ञानाने सर्वांभूती एक आत्मा सांगितलेला आहेच. परंतु त्या एका आत्म्याचे पाय वाळूत भाजत आहेत हे दिसायला पैची चूक शोधणारी नजर लागते. अध्यात्म आणि नीती यांचा संबंध याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

एका धोक्याची सूचना देऊन हे प्रकरण संपवतो. ही वही फक्त स्वतःची तपासायची असते. नजर बारीक झाली की ती शेजाऱ्याच्या वहीकडे वळण्याचा मोह फार होतो, आणि ज्याला दुसऱ्याच्या पैची चूक दिसू लागली त्याला आपल्या रुपयाची दिसेनाशी होते. समर्थांनी दुसऱ्या दशकाच्या अखेरीस ज्याला पढतमूर्ख म्हटले आहे तो याहून फारसा निराळा नाही. तेव्हा वाचकाने आज रात्री निजण्यापूर्वी, आपण मुमुक्षु की साधक, असा प्रश्न स्वतःला विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी आपल्याला सोयीचे येते. आज दिवसभरात कोणाचे काय फाजील आपल्या खणात राहिले, एवढेच विचारावे, आणि तलाठ्याला दोन ओळी लिहिण्याइतके सोपे असेल तोवरच ते परत करावे.

माझ्या खणातले पाच रुपये परत करायचे राहून गेले. पावतीच्या स्थळप्रतीवरचे ते गाव मला आजही आठवते. त्या म्हाताऱ्याचे नाव मात्र आठवत नाही.